दाढेवर नजर

मराठी माणूस आयुष्यात फार थोड्या गोष्टी कायमच्या झाल्या असं मानतो. नोकरी पर्मनंट झाली, घराचं कर्ज फिटलं आणि दाढ भरून घेतली. पहिल्या दोन गोष्टींचे कागद तो लॉकरमध्ये ठेवतो. तिसरीचा कागद नसतो, म्हणून ती तो तोंडी सांगत राहतो. "ही बघा, उजवीकडची. ब्याण्णव साली भरली. दादरला एक म्हातारे डॉक्टर होते, आता नाहीत. साठ रुपये घेतले, पण काम काय! अजून हललेली नाही." एवढं बोलून तो आ करतो, बोटाने गाल बाजूला ओढतो आणि समोरच्याला आत वाकून बघायला लावतो. समोरचा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला व्याही असला तरी त्याची सुटका नसते. आत काळपट काहीतरी दिसतं. व्याही "वा" म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

बातमी वाईट आहे, पण कुणीतरी सांगायला हवी. फिलिंग पर्मनंट नसतं. चांदीचं म्हणतात ते साधारण 10 ते 15 वर्षं काम करतं, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट 7 ते 10. हे सरासरीचं बोलणं झालं. काही फिलिंगं तीस-तीस वर्षं मुकाट्याने चणे फोडतात आणि काही पहिल्याच संक्रांतीला तिळाच्या वडीबरोबर बाहेर येतात. बाहेर आलेला तुकडा आधी खडा समजून ताटाच्या कडेला ठेवला जातो. "वहिनी, तीळ निवडले नव्हते का?" असं विचारलं जातं. वहिनींचा चेहरा उतरतो, घर गप्प होतं, आणि मग विचारणाऱ्याची जीभ सवयीने मागच्या दाढेपाशी जाऊन येते. तिथे काहीच नसतं. त्यानंतरचं वर्ष वहिनींचं असतं.

फिलिंगची बाजू घेऊन बोलायचं तर त्याची नेमणूकच फार वाईट जागी झालेली असते. जोर लावून चावलं तर दाढांवर 50-60 किलोंचा दाब सहज येतो. रात्री झोपेत दात खाणारे लोक हे काम ओव्हरटाइममध्येही करून घेतात. दिवसभर साहेबावर खायचे दातओठ रात्री खाल्ले जातात आणि भोगतं फिलिंग. शिवाय हवामान. अमृततुल्यमधून उकळता चहा पिऊन बाहेर पडलेल्या पुणेकराला समोर मस्तानी दिसली की तो थांबतो. हा त्याचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. पण चांदीचं फिलिंग गरम झाल्यावर दातापेक्षा दुपटीहून जास्त फुगतं आणि गार झाल्यावर त्याच हिशेबाने आकसतं. फरक डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो, पण तो रोज, चारचार वेळा, वर्षानुवर्षं पडतो. कॉम्पोझिटची कथा वेगळी. ते निळ्या प्रकाशाने घट्ट करतात तेव्हाच दोन-तीन टक्के आकसतं, म्हणजे जन्मतःच अंग चोरून बसतं. कडेला फट पडायची सोय पहिल्या दिवसापासून असते. फट पडली की तिथे साखर जाते, साखरेमागून जंतू जातात, जंतू साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दात विरघळवत बसतं. दाताचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड जुळतं. गेलेलं इनॅमल आपणहून परत येत नाही.

हे सगळं चाललेलं असताना मालकाला पत्ता नसतो. पहिली खबर लागते ती जिभेला. फिलिंगची कड किंचित जरी उडाली तरी जीभ तिथे जाऊन बसते. मीटिंगमध्ये, मयताला, बँकेच्या रांगेत, कुठेही असलात तरी ती तिथेच. माणूस गंभीर चेहऱ्याने बोलत असतो आणि त्याचा गाल आतून हलत असतो. असा माणूस दिसला की समजावं, फिलिंग फुटलंय. जिभेचा एक दोष मात्र लक्षात ठेवायला हवा. ती प्रत्येक भोक मोठं करून सांगते. यावर प्रयोग झालेले आहेत. तेच भोक बोटाने चाचपलं तर जेवढं वाटतं, त्यापेक्षा जिभेला मोठं लागतं. त्यामुळे "अर्धी दाढ गेली हो डॉक्टर" म्हणत आलेल्या माणसाच्या दाढेत डॉक्टरांना भिंग लावून शोधावं लागेल एवढासा टवका निघतो, आणि माणसाला आपण आजारी नसल्याचा मनापासून राग येतो.

दुसरं लक्षण म्हणजे अडकणं. शेजारशेजारच्या दोन दाढा एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात. फिलिंगची ती बाजू झिजली किंवा तुटली की मध्ये गल्ली तयार होते. आधी मटणाची शीर अडकते. आपण मटणाला नावं ठेवतो. मग आंब्याचा केसर अडकतो, मेथीची काडी अडकते. पुढे वरणभातही अडकायला लागतो तेव्हा अन्नाचा दोष नाही हे मान्य करायची वेळ आलेली असते; पण माणूस मान्य न करता काडी शोधतो. या कामाला महाराष्ट्रात काय काय वापरलं गेलंय याची यादी कुणीतरी करायला हवी. आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, सेफ्टी पिन, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा, आणि एके काळी एसटीच्या तिकिटाची घडी. त्या तिकिटाच्या कागदाला एक नेमका कडकपणा होता. हल्लीची मशीनमधली तिकिटं दाढेपर्यंत पोचायच्या आत मऊ पडतात. खरं तर साधा फ्लॉसचा दोरा या बाबतीत बरंच काही सांगून जातो. तो दर वेळी एकाच जागी फाटत असेल, पिंजत असेल, तर तिथे फिलिंगची कड उघडी पडलेली आहे किंवा बाहेर डोकावते आहे. पण आपल्याकडे फ्लॉसचं पाकीट परदेशातून आलेल्या भाच्याने दिलेलं असतं आणि ते पतंगाच्या मांज्याला गाठ मारायला उपयोगी पडतं.

तिसरं लक्षण दुखणं. इथे प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. वास्तविक दुखण्यातही बारकावे आहेत. गार पाण्याने क्षणभर झिणझिणलं आणि थांबलं, तर प्रकरण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पेढा खाल्ल्यावर एकाच ठिकाणी कळ आली, तर फिलिंगच्या कडेतून आत झिरपतंय असा संशय घ्यायला जागा आहे. चावताना नव्हे, तर चावून दात उघडताना वीज चमकल्यासारखं झालं तर दाताला बारीक चीर गेलेली असू शकते. जुन्या मोठ्या फिलिंगच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या दाताच्या पातळ भिंतींना असं होतं. आणि गरम चहाने दुखायला लागलं, ते चहा संपला तरी, कप विसळून पालथा घातला तरी थांबेना, तर नस बिघडली आहे. तज्ज्ञांकडे या चारही प्रकारांवर एकच औषध असतं. लवंग. लवंगेला मी नावं ठेवत नाही. तिच्यातलं युजेनॉल खरोखर बधिरपणा आणतं, आणि डॉक्टर जे तात्पुरतं पांढरं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असतं. दवाखान्यात शिरताच मसालेभातासारखा जो वास येतो तो त्याचाच. पण नंतर काय होतं बघा. चार दिवस दाढ ठणकते, पाचव्या दिवशी एकदम थांबते. "लवंगेने गेली बघ! उगीच डॉक्टरकडे पाच हजार घालवणार होतास." घरात लवंगेचा जयजयकार होतो. आत नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, एवढाच त्या चमत्काराचा अर्थ. काही महिन्यांनी गाल सुजतो तेव्हा लवंगेचं नाव कुणी काढत नाही. तेव्हा "परवा त्या लग्नात थंड प्यायलास ना, म्हणून" असं निदान होतं.

आणि सगळ्यांत अवघड लक्षण म्हणजे कोणतंच लक्षण नसणं. जुन्या फिलिंगखालची कीड सोसायटीतल्या गळतीसारखी वागते. डाग दिसतो दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांच्या छताला, पाणी मुरत असतं चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, आणि चौथा मजला म्हणतो आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे, येऊन बघा. फिलिंगही वरून बघितलं तर ठणठणीत असतं. म्हणून डॉक्टर बाइटविंग नावाचा एक्स-रे काढतात, ज्यात फिल्मचा पंख दातांत धरून चावायचं असतं. दोन दाढांच्या मधली आणि फिलिंगच्या कडेखालची कीड त्यात काळी सावली म्हणून दिसते. ही सावली डॉक्टर पेनाच्या टोकाने आपल्याला दाखवतात. आपण "हो हो, दिसली" म्हणतो. आजवर कुणाही पेशंटला ती दिसलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे: बिघडलंय आणि कळत नाही. खरी गंमत उलट्या बाजूला आहे. बिघडलेलं नसतं आणि बिघडल्यासारखं दिसतं. चहा, कॉफी, हळद, पान, तंबाखू यांनी फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ येते. ती रेघ म्हणजे कीड नव्हे. चांदी काळी पडली म्हणजे ती खराब झाली असंही नव्हे. वरचा थर खडबडीत झाला असेल तर तो घासून चकचकीत करता येतो, छोटासा टवका उडाला असेल तर तेवढाच बुजवता येतो. त्यामुळे चांगला डॉक्टर बऱ्याच वेळा आत बघतो, टोकदार हत्याराने कडा चाचपतो, आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक करतो आणि म्हणतो, "आत्ता काही करायला नको. नजर ठेवू."

हे वाक्य मराठी पेशंटला सोसत नाही. तो कामातून अर्धी रजा काढून आलेला असतो. तासभर बाहेर बसून त्याने गेल्या वर्षीचे दिवाळी अंक चाळलेले असतात. आणि आता नजर ठेवू? नजर ठेवायचे पैसे घेतात का हे? दुसरीकडे डॉक्टर म्हणाला, "तीन फिलिंगं बदलावी लागतील," तर तोच पेशंट जिना उतरता उतरता हिशेब मांडतो: नवी खुर्ची घेतलेली दिसते, तिचे हप्ते चालू असतील. म्हणजे काम सांगितलं तर लुटारू आणि नाही सांगितलं तर येत नाही. या दोन्हींच्या मधून वाट काढणाऱ्या दंतवैद्यांविषयी मला फार आदर आहे.

संशय अगदीच निराधार आहे असंही नाही. 1997 साली अमेरिकेत ‘रीडर्स डायजेस्ट’च्या एका पत्रकाराने एक उद्योग केला. आपलं एकच तोंड घेऊन तो 28 राज्यांतल्या 50 दंतवैद्यांकडे गेला आणि प्रत्येकाला विचारलं, काय काय करावं लागेल? उत्तरं काही शे डॉलरपासून जवळजवळ 30 हजार डॉलरपर्यंत आली. दात तेच. कुणी म्हणालं एक कॅप, कुणी म्हणालं सगळं तोंड. यात थोडे लबाड असतीलच. पण थोडा भाग असाही आहे की जुनं फिलिंग ‘गेलं’ की ‘चालेल’ हे ठरवताना दोन प्रामाणिक डॉक्टरांचंही एकमत होत नाही. एक आशावादी असतो, दुसऱ्याने मागच्याच आठवड्यात नजर ठेवलेल्या दाढेचं रूट कॅनॉल केलेलं असतं.

आणि घाई न करण्याला एक सबळ कारण आहे. जुनं फिलिंग खरवडून काढताना त्याच्याबरोबर थोडा चांगला दातही जातो. त्यामुळे दर वेळी खड्डा मागच्यापेक्षा मोठा होतो. छोट्या फिलिंगचं मोठं, मोठ्याची कॅप, कॅपखाली रूट कॅनॉल, आणि एके दिवशी दातच राहत नाही. दंतवैद्यकात या चक्रावर बरंच लिहिलं गेलंय. म्हणून बदलायचं ते कारण असेल तेव्हाच: खाली कीड असेल, फुटलं-हललं असेल, कड उघडी पडून अन्न साठत असेल, दाताला चीर असेल. ‘बरेच दिवस झाले’ हे कारण नव्हे. अलीकडे तर पूर्ण बदलण्याऐवजी तेवढ्या भागाची डागडुजी करण्याकडे कल आहे. पण डागडुजी हा शब्द ऐकला की पेशंट म्हणतो, "नको डॉक्टर, एकदाच काय ते पक्कं करून टाका." पक्कं! पुन्हा तिथेच आलो.

बदलण्याची सगळ्यांत मोठी लाट येते ती व्हॉट्सअॅपवरून. "तुमच्या दाढेत पारा आहे!" अशा मथळ्याचा संदेश एका रविवारी सकाळी इमारतीच्या ग्रुपवर पडतो, आणि ब्याण्णव सालच्या चांदीचं कौतुक सांगणारे काका दुपारपर्यंत वाळीत टाकल्यासारखे दिसायला लागतात. पारा आहे हे खरं. ज्याला आपण चांदी म्हणतो त्यात निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथिल आणि तांबं. पूर्वी हे मिश्रण दवाखान्यातच खलबत्त्यात घोटायचे, जास्तीचा पारा कापडातून पिळून काढायचे, काही ठिकाणी तर तळहातावर मळायचे. या पाऱ्यावरून भांडणं आजची नाहीत. 1833 साली क्रॉकूर नावाचे भाऊ हा माल घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा राजेशाही नावाने विकायला लागले. कीड न काढता वरून हे मिश्रण थापायचं, काम झटपट. सोन्याची फिलिंगं करणारे प्रतिष्ठित दंतवैद्य खवळले. त्यांच्या 1840 साली स्थापन झालेल्या संघटनेने सदस्यांकडून प्रतिज्ञाच लिहून घेतली की आम्ही हे वापरणार नाही. सदस्यांनी प्रतिज्ञेपेक्षा गिऱ्हाईक महत्त्वाचं मानलं असावं, कारण 1856 साली संघटना बंद पडली आणि पारा चालू राहिला. शतक संपता संपता जी. व्ही. ब्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने मिश्रणाचं प्रमाण शास्त्रशुद्ध बसवून दिलं आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगाच्या दाढा त्याच्यावर चालल्या. या ब्लॅकसाहेबांनीच किडीचे वर्ग पाडले. दोन दाढांच्या मध्ये लागलेली कीड क्लास टू. आयुष्यभर क्लास थ्रीत नोकरी केलेल्या माणसाची बढती शेवटी दाढेत होते.

आता पारा निघाला आहे हे खरं, पण तो मुख्यतः पर्यावरणाच्या काळजीने. जपानमधल्या मिनामाटा गावात कारखान्याचा पारा समुद्रात, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत गेला. त्या गावाच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात आहे. युरोपीय संघाने तर 1 जानेवारी 2025 पासून चांदीची फिलिंगं, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, बंदच केली. पण म्हणून काकांनी आहे ती धडधाकट फिलिंगं उपसून काढावीत असं कुणी जबाबदार माणूस सांगत नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2020 साली उलटच सांगितलं: फिलिंग चांगल्या स्थितीत असेल तर वैद्यकीय गरजेशिवाय काढू नका. पाऱ्याशी जास्त संबंध येतो तो काढताना उडणाऱ्या वाफेतूनच. आणि चांदीचा एक गुण कुणी फॉरवर्ड करत नाही. ती गंजते, आणि तो गंज कडेच्या फटीत साठून फट बुजवतो. म्हातारपणी उपयोगी पडणारा गंज माझ्या पाहण्यात तरी दुसरा नाही. तिचा एकच जाच: चॉकलेटवरचा चकचकीत कागद चुकून तिच्याखाली आला तर लाळेच्या मदतीने दोन धातूंमध्ये वीज खेळते आणि माणूस नातवासमोर उभ्याउभ्या उडतो. नातू म्हणतो, "आजोबा, परत करा ना!"

आपल्याकडे फिलिंग बदलण्याचा खरा हंगाम मात्र डिसेंबर. त्या महिन्यात पुण्यात ज्यांना दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळवायची असेल त्यांनी दसऱ्यालाच नाव घालावं. अमेरिकेतली मुलं येतात ती आईच्या हातचं खायला, हे आपण आईला सांगतो. खरं म्हणजे तिकडे एका कॅपच्या किमतीत इकडे कॅपही होते आणि येण्याजाण्याच्या तिकिटाला हातभारही लागतो. मुलगा विमानतळावरून घरी येतो, वाकून नमस्कार करतो, वर येताना विचारतो, "आई, माझी अपॉइंटमेंट?" सोमवारी एक्स-रे, मंगळवारी जुनं काढणं, बुधवारी माप, गुरुवारी लग्न, शुक्रवारी बसवणं. त्याच्यासाठी केलेल्या चकल्या "भूल उतरेपर्यंत चावू नका" या वाक्यापुढे हरतात आणि आई त्याला मऊ भात भरवते. त्याला तसंही तेच हवं असतं. उलट दिशेचीही वाहतूक असते. बाळंतपणाला निघालेले आजीआजोबा जाण्याआधी तोंड दुरुस्त करून घेतात, कारण तिकडे दात दुखला तर काय खर्च येतो याच्या भयकथा त्यांनी ऐकलेल्या असतात, आणि प्रवासाच्या विम्यात दातांचं नाव असलंच तर बारीक अक्षरात असतं. यात एक शास्त्रीय शहाणपणही आहे. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब 6 ते 8 हजार फुटांवर असावा तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून विरळ असतो. फिलिंगखाली पोकळीत हवा अडकली असेल तर ती वर गेल्यावर फुगते आणि दाढ ठणकते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांना याचा बराच त्रास झाला. आजोबा युद्धावर जात नसतात, पण सोळा तास मधल्या सीटवर बसून जाणं हे काही वेगळं नाही.

प्रत्यक्ष बदलण्याचा कार्यक्रम एकाच बैठकीत उरकतो. दातावर भोकं पाडण्याची कला फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या 9 माणसांच्या 11 दाढा सापडल्या, गारगोटीच्या टोकाने, धनुकलीसारखं यंत्र फिरवून कोरलेल्या. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ती माणसं नंतरही त्या दाढांनी जेवली. भूल नसताना! आपण सुईला घाबरतो. आजचं एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं, आणि त्याची ती शिट्टी ऐकून पेशंट खुर्चीत आपोआप वर सरकतो. डॉक्टर बहुधा तिशीतल्या मॅडम असतात, पेशंट बहुधा साठीतला. "काका, आ करा. अजून. अजून मोठा." काकांना वाटतं, इतका मोठा आ आपण निवृत्तीची रक्कम ऐकूनही केला नव्हता. त्याआधी रंग ठरवायचा असतो. दात ओला असतानाच तो ठरवावा लागतो, कारण वाळला की दात आहे त्यापेक्षा गोरा दिसतो. मॅडम रंगांची पट्टी दाताला लावून बघतात, मदतनीस मुलीला "ए-थ्री" म्हणतात. काकू, ज्या सोबत आलेल्या असतात, त्यांना तो ए-थ्री पटत नाही. "जरा उजळ नाही का हो?" मॅडम सांगतात की मागची दाढ आहे, कुणाला दिसणार नाही. काकूंना ब्याण्णव सालापासून लग्नांत काय काय दाखवलं गेलंय ते माहीत असतं. त्या काही बोलत नाहीत.

मग जुनी चांदी निघते. निळं आम्लाचं जेल लावून धुतात, चिकटवणारं द्रव्य लावतात, आणि कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरत, प्रत्येक थरावर निळा दिवा धरतात. शेवटी निळा कागद दातांमध्ये ठेवून, "काका, टक टक टक करा." जिथे जास्त निळं उमटतं तिथे घासायचं. "उंच वाटतंय का?" काकांचा अर्धा जबडा भुलेखाली असतो, ओठ कुणा दुसऱ्याचा वाटत असतो, आणि बाहेर रिक्षा थांबवलेली असते. ते "थीक आए" म्हणतात.

रात्री भूल उतरते. दातांची जाण मोठी विलक्षण आहे. 20 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी, फरक त्यांना कळतो. काकांना वाटतं दाढेत लगोरी ठेवली आहे. काकू म्हणतात, होईल सवय. शेजारचे अण्णा म्हणतात, मुद्दाम उंच ठेवतात, परत यावं म्हणून. सकाळी काका तावातावाने पोचतात. मॅडम कागद ठेवतात, टक टक, तीन सेकंद घासतात. "आता?"

"आता छान!"

"झालं तर मग. याचे पैसे नाहीत, काका."

फुकट म्हटल्यावर काकांना उठवत नाही. "आलोच आहे तर ती डावीकडचीही बघा. पंचाण्णवची आहे. तीही बदलून टाका, कटकट नको."

मॅडम आरसा घालतात, कडा चाचपतात, कालचा एक्स-रे उजेडात धरून बघतात. "ती उत्तम आहे. नुसती वरून काळी झालीय. हात लावायला नको, नजर ठेवू."

संध्याकाळी कट्ट्यावर अण्णांनी विचारलं, कसं काय झालं काम? काका नव्या दाढेने शेंगदाणा फोडत म्हणाले, "काम ठीक आहे हो. पण एकच जमतंय तिला, दुसरी म्हटल्यावर घाबरली. तुमच्या ओळखीचा आहे का कुणी?"